ती सही माझी आहे

शालेय समितीचे अध्यक्ष आणि आमच्या घरातले थोरले, आदरणीय नारायणदादा, मुख्याध्यापिका धनश्रीताई, व्यासपीठावरील मान्यवर, शिक्षक बंधुभगिनी, शेवगावकर पालक आणि विद्यार्थी मित्रहो,

सत्काराला उत्तर खरं तर सत्कारमूर्तीनं द्यायचं. सुहास सर बसलेत इथे, शाल त्यांना शोभतेही आहे. पण या शाळेच्या स्नेहसंमेलनात ज्यांनी कधी दुसऱ्याच्या हाती माईक जाऊ दिला नाही, त्यांच्यासाठी आज बायकोला उभं राहावं लागलंय. सर आधीसारखे असते तर एव्हाना मला चिठ्ठी आली असती, 'निवेदिता, आवरतं घे.'

त्या दिवशी शाळेत चहा पिताना सरांचं तोंड वाकडं झालं, हातातला कप सुटला. शिपाई गोरक्षभाऊंनी लगेच गाडी काढली आणि वेळेत नगरच्या दवाखान्यात पोचवलं. भाऊ, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूत रक्ताची गुठळी अडकलीय. इंजेक्शननं ती विरघळू शकते. पण मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. उशीर कराल तेवढं नुकसान वाढेल. संमतीच्या कागदावर सही करताय ना?"

सासूबाई म्हणाल्या, "नारायणला येऊ दे. त्याला विचारल्याशिवाय आपल्या घरात काही झालंय का कधी?"

नाही झालं. आमच्या लग्नाची तारीखसुद्धा दादांनीच ठरवली. पण दादा तेव्हा भंडारदऱ्याला होते आणि फोन लागत नव्हता. मी सही केली.

सरांचा हात परत आला. चालतात, आपल्या हातानं जेवतात. वाचा मात्र आली नाही. दादा आल्यावर एवढंच म्हणाले, "थांबायला हवं होतं." तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात.

वाईट वाटत नाही का, असं बायका विचारतात. दाढेला भूल दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं झालंय माझं. रडूही येत नाही.

सरांपाशी आता एकच शब्द उरलाय, 'हो'. चहा हवा? हो. पाय दुखतोय? हो. एकदा मी विचारलं, "सही केली ते बरोबर केलं ना मी?" म्हणाले, "हो." मग विचारलं, "की चुकलं माझं?" तेव्हाही, "हो." त्यानंतर विचारणं सोडून दिलं.

असो. शाळेनं हा सोहळा केला, सरांना इतकं प्रेम दिलं, त्याबद्दल आम्हा दोघांच्या वतीनं मनापासून आभार. बोलण्याची मला सवय नाही. कुणाचं नाव राहिलं असेल, मानपानात काही उणं झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

सहीबद्दल मात्र क्षमा मागत नाही, दादा. तो कागद उद्या पुन्हा पुढे आला, तरी मी तुमची वाट बघणार नाही.

नमस्कार.