फक्त वेळ बदलायची होती

नाहूरला लसीच्या रांगेत माझ्या पुढे मायलेकी बसल्या होत्या. आजीच्या मांडीवर बाळ, लेकीच्या मांडीवर लॅपटॉप.

"आई, आमच्या डायलिसिस सेंटरच्या वेळा ठरवणाऱ्या एआय एजंटने एका आजोबांचं आजचं डायलिसिसच रद्द केलं. त्यांना फक्त वेळ बदलायची होती."

"असं कसं केलं गं त्याने?"

"रद्द करायचं टूल मी बनवलं. ते केव्हा वापरायचं नाही, हे त्याच्या सूचनांत लिहायचं राहिलं."

"म्हणजे अर्धंच शिकवलंस त्याला. वीस वर्षं दवाखान्यात फोन घेतले मी. नवी वेळ मिळाल्याशिवाय जुनी सोडायची नसते."

"थांब, हेच लिहिते... झालं."

"आणि आजोबा?"

"एजंट मेसेज करेल ना."

"चेतना, तू फोन लाव."

"काय बोलू?"

"डायलिसिस चुकलं की अंगात पाणी साठतं. आधी विचार, दम लागतोय का."