अब्बांनी पारखलेला किनारा

मला पुन्हा कुणी 'घरच्यांबरोबर सुट्टीला जा' असं सांगू नका. तुर्कस्तानला जायचं ठरलं तेव्हा मी आखातातल्या आमच्या फिंतासच्या घरात बसून, पाणी तपासून निळा झेंडा दिलेले तिथले किनारे शोधले आणि यादी केली. सहा महिने क्लबच्या तलावात पोहायला शिकले होते. एकदा तरी खऱ्या समुद्रात पोहायचं होतं.

अब्बांनी यादीकडे बघितलंसुद्धा नाही. "मी हर्णैचा माणूस. मला झेंडा बघून समुद्र ओळखायला शिकवतेस?"

"अब्बा, ते लोक पाणी तपासतात."

"मासळी ताजी असली की पाणी चांगलं. झालं तपासून!"

दर शुक्रवारी तिथल्या शर्कच्या मासळी बाजारात माशांचे कल्ले उचकटून बघणारे ते! त्यांनी थेट मासेमारी बंदरासमोरचंच हॉटेल ठरवलं.

पहिल्या सकाळी स्वारी खूश. होडीवरून मासे घेऊन आले आणि अम्मीला कल्ले दाखवत होते, "बघ, कसे लाल आहेत!" मी पोहायचे कपडे घालून, टॉवेल घेऊन खाली आले. समोर होडीला होडी लागलेली आणि पाण्यावर डिझेलचा तवंग.

"कुठे निघालीस?" अब्बांनी विचारलं.

"पोहायला. तुम्ही पारखलेल्या पाण्यात."

"अगं, बंदरात कोण पोहतं? ती झेंड्यांची यादी आणली नाहीस का?"