एसी सोळावर कुणी नेला?

मुलगी : फोन टेबलावर ठेवा, मावशी. माझ्यासमोर.

मावशी : अहो ताई, घरात पाऊल टाकता टाकता माझा फोन कशाला?

मुलगी : बाबांच्या खोलीचा एसी पुन्हा सोळावर गेला. फोनवर अलार्म वाजला, भर मीटिंगमधून पळत आलेय. परवाही तेच.

मावशी : मी स्वयंपाकघरात काकांचं सूप गाळत होते. टिट वाजलं, तशी धावत आले, आणखी एक पांघरूण घातलं. रिमोट तर तुम्हीच कपाटात कुलपात ठेवलाय!

मुलगी : म्हणूनच विचारतेय. एसीच्या ॲपचा पासवर्ड बदलला, तरी तेच. ॲपमध्ये नोंदही नाही. म्हणजे खोलीतूनच कुणीतरी करतंय. तुमच्या फोनच्या वरच्या कडेला हा काळा ठिपका दिसतोय?

मावशी : असेल. भावाचा जुना फोन आहे.

मुलगी : त्याने फोनचा रिमोट होतो. रिमोटमधून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश निघतो, इन्फ्रारेड. त्याला पासवर्ड नाही की काही नाही. कोण सांगतंय हे एसी विचारतच नाही. सांगितलं की ऐकतो.

मावशी : गुणाचा आहे बिचारा.

मुलगी : चेष्टा नकोय! बाबांना न्यूमोनिया होऊन गेलाय. पुन्हा छाती भरली तर काय होईल, डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलंय.

मावशी : म्हणून तर सारखी त्यांचे पाय चाचपून बघते, गार पडलेत का.

मुलगी : आणि मी धावत आले की तुम्हाला लवकर घरी जायला मिळतं.

मावशी : काय म्हणालात?

मुलगी : परवा गेलात. त्याच्या आधीही गेलात.

मावशी : तुम्हीच म्हणालात ना, मावशी, मी आहे आता, तुम्ही जा! अहो, काकांना अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचं हगणं-मुतणं काढलं या हातांनी, कधी नाक मुरडलं नाही. आणि लवकर घरी जायला मी त्यांना गारठवीन? जीभ कशी रेटली तुमची?

बाबा : चि... चिमे.

मुलगी : बाबा, तुम्ही पडून राहा. मावशी, उद्यापासून येऊ नका. एजन्सीला मी कळवते.

मावशी : काय कळवणार? आजारी माणसाला गारठवलं म्हणून? मग मला कोण दारात उभं करेल?

बाबा : चिमे. इकडे... बघ.

(टिट.)

मुलगी : मावशी, हात!

मावशी : घ्या, बघा. दोन्ही रिकामे. फोन तुमच्या नाकासमोर आहे.

मुलगी : पण आत्ता बदललं! समोरच्या खिडकीतून असेल, काचेतूनही येतो तो. थांबा, फोनच्या कॅमेऱ्यात तो प्रकाश दिसतो. खिडकीत काही नाही. कपाट... आरसा...

बाबा : आरशात... बघ.

मुलगी : जांभळं काहीतरी लुकलुकतंय. पलंगावर. बाबा? हातात काय आहे तुमच्या?

मावशी : अगं बाई! हॉलमधल्या जुन्या एसीचा रिमोट! तो एसीबरोबर भंगारात गेला होता ना?

बाबा : रेडिओच्या... कव्हरात होता.

मावशी : तरीच हात लावू देत नव्हतात रेडिओला! मी म्हणायची, बंद पडलेला रेडिओ उशाशी कशाला हवा.

मुलगी : एकाच कंपनीचा. चालणारच. बाबा, का? जिवावर उठलात का स्वतःच्या?

बाबा : फोन केला... की मीटिंग. गार झालं... की येतेस.

मावशी : आणि मला बोलणी खाऊ दिलीत, काका? परवापासून या माझ्याकडे कशा बघतायत, दिसत नव्हतं तुम्हाला?

बाबा : दिसत होतं.

मावशी : मग?

बाबा : सांगितलं असतं... तर हिने रिमोट नेला असता. चुकलो, बाई.

मावशी : चुकलात तर चुकलात. पाय आत घ्या आधी, बर्फ झालेत.

मुलगी : मावशी, मी तुम्हाला नको ते बोलले.

मावशी : बोललात. ते मी सहजी विसरणार नाही. पहिल्यांदा तो एसी वर करा.

मुलगी : केला. आता त्याच्या डोळ्यावर काळी पट्टी चिकटवते. मग कुठलाच रिमोट चालायचा नाही.

बाबा : पट्टी... नको.

मुलगी : बाबा, फुप्फुसं तुमची आहेत!

बाबा : बरं. लाव.

मावशी : लावा, लावायलाच हवी. पण मग ह्यांनी तुम्हाला बोलवायचं कसं, तेही सांगून ठेवा.

मुलगी : ...उद्या याल ना, मावशी?

मावशी : उद्याचं उद्या बघू. आज सूप भरवून जाईन.

बाबा : चिमे. तुझा फोन... वाजतोय.

मुलगी : ऑफिस आहे. मीटिंग चालू आहे अजून.

बाबा : मग... जा.

मुलगी : अलार्म वाजला, एवढंच सांगून आलेय. बंद झाला, असं कुठे सांगितलंय? आणा, मावशी, ते सूप इकडे.