दगडाला हात लावण्याविषयी

हार काढू नका, भैयाजी. बसा. गाडी उद्या दुपारची आहे, आत्ताची नाही. माझ्यानंतर दोघे बोलणार होते. त्यांनी आपली वेळ मला दिली आहे, आणि मी ती घेतली आहे. तेव्हा उठून उपयोग नाही.

आजच्या सभेचे अध्यक्ष, आमगावातले धानाचे मोठे व्यापारी श्रीमान दुलीचंदजी. ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो ते आपले पंच भैयाजी. मंचावर बसलेले मान्यवर. सतरंजीवर दाटीनं बसलेले ग्रामस्थ. उजव्या हाताच्या माताभगिनी. आणि जागा असूनही दारातच उभे राहिलेले आपले काही लोक. सर्वांना माझा नमस्कार.

मी शाळामास्तर. मला शाळेबाहेर फारसं कोणी बोलायला सांगत नाही. पण पत्रिकेत माझं नाव छापलं गेलं, आणि छापलेलं नाव खोडता येत नाही, असं मला सांगण्यात आलं. हा मंडप, ही सतरंजी आणि नंतर मिळणारा चहा अध्यक्षमहाराजांकडून आहे. त्याबद्दल सुरुवातीलाच आभार मानतो. शेवटी राहून जातात.

भैयाजी जर्मनच्या लढाईच्या साली पंच झाले. तेव्हापासून त्यांनी भाऊबंदकी पाहिली, बांध पाहिले, बैल पाहिले. पण त्यांच्याकडे सगळ्यांत जास्त भांडणं आली ती घरच्या कामांची. कोणी भिंत घालून घेतली, कोणी छपराचे कवेलू फेरून घेतले, कोणी विहीर खणून घेतली. काम सांगताना घरमालक आणि कारागीर दोघं गोड बोलतात. काम झाल्यावर एक म्हणतो, एवढंच ठरलं होतं. दुसरा म्हणतो, हे कुठं ठरलं होतं? दोघंही खोटं बोलत नसतात. दोघांनी वेगवेगळं काम डोळ्यांपुढं आणलेलं असतं. हे मला भैयाजींमुळे समजलं.

असं भांडण आलं की भैयाजी चावडीवर ऐकून घेत नसत. म्हणत, ज्या जागी काम झालं त्या जागी बोला. भिंतीचं भांडण भिंतीपाशी. कवेलूंचं कवेलूंवर.

पुष्पाबाई इथं बसल्या आहेत. त्यांची परवानगी मी सकाळीच घेतली. त्यांचे कवेलू बिसरामनं फेरले. बिसराम म्हणाला, घर ठरलं होतं, बाईनं गोठाही फेरून घेतला. पुष्पाबाई म्हणाल्या, गोठा तो केवढा, आणि यानं पाय देऊन नवे कवेलू फोडले. बिसराम म्हणाला, ते वांदरांनी फोडले. भैयाजींनी दोघांचं ऐकलं आणि शिडी मागवली. पुष्पाबाई म्हणाल्या, मी बाईमाणूस, छपरावर कशी चढू? भैयाजी म्हणाले, मग भांडू नका. त्या चढल्या. लुगड्याचा काष्टा आवळून चढल्या आणि लवकर उतरेनात. वरून त्यांना अख्खी गल्ली दिसत होती. मी खाली उभा होतो. त्यांनी वरूनच मला सांगितलं, "मास्तर, तुमच्या घरच्या वड्या वाळून राहिल्या, अन् कावळा नेऊन राहिला."

हसू नका. कावळ्यानं खरंच नेल्या.

पण वर उभं राहिल्यावर त्यांना आपला गोठा दिसला. खालून तो लहान वाटत होता. आणि बिसरामला त्यांनी बोटानं दाखवलं, इथं पाय, इथं पाय, वांदराचा पाय एवढा असते काय? दोघं खाली आले तेव्हा भाव त्यांचा त्यांनीच बोलून ठरवला होता. भैयाजींनी एक शब्द उच्चारला नव्हता. शिडी मात्र त्यांनी स्वतः धरली होती.

इतकी साधी त्यांची रीत. ती चालली, कारण गावानं ती चालवली. वर चढायला सांगितलं तर माणसं चढत होती.

आता मला विहिरीकडे यावं लागेल. अध्यक्षमहाराजांनी घड्याळ पाहिलं, ते माझ्या लक्षात आलं. मी लांबवणार नाही.

इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे, पण पाहुणे बालाघाटहून आले आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे विहिरीचा ठेका हातावर होतो. इतके हात खोल, इतका भाव. हा भाव मातीचा आणि मुरमाचा. खाली दगड लागला की जुना भाव संपला. दगड फोडायला सुरुंग लागतो, वेगळी माणसं लागतात, दिवस लागतात. तेव्हा नवा भाव बोलावा लागतो, आणि तो वर बसून बोलायचा नाही असा आपला रिवाज आहे. मालकानं दोराच्या पाटावर बसून खाली उतरायचं. स्वतःच्या हातानं सब्बल, म्हणजे पहार, घेऊन तळावर एक घाव घालायचा, तळाला हात लावायचा. खाली तो आणि ठेकेदार, दोघंच. वर येऊन मालक सांगेल, दगड की मुरूम. त्याचा बोल शेवटचा. खाली काय झालं ते वर कोणी विचारायचं नाही.

हा रिवाज कोणी घातला मला माहीत नाही. पण तो घालणाऱ्यानं माणूस ओळखला होता. वर बसून माणूस काहीही म्हणतो. तळाशी, अंधारात, समोर खणणारा उभा असताना, हाताखाली थंड दगड असताना, तो दगडाला मुरूम म्हणत नाही. निदान मी तसं झाल्याचं ऐकलेलं नाही.

दुलीचंदजींनी यंदा अंगणात विहीर घेण्याचं ठरवलं. त्यांच्या सूनबाई वच्छला नदीवरून पाणी आणत, आणि त्या आता दोन जीवांच्या आहेत. विचार चांगला होता. तो मी इथं जाहीरपणे चांगला म्हणतो. ठेका उदारामला दिला. उदारामनं खोदलेल्या विहिरींचं पाणी आपण सगळे पितो. चैत्रात तो वर आला आणि मालकाला म्हणाला, गोटा लागला, खाली या.

दुलीचंदजींनी मुनीम श्यामलालजींना पाठवलं. श्यामलालजी अर्ध्यावर उतरले आणि वर ओढा म्हणून ओरडले. वर आल्यावर म्हणाले, मुरूमच असावा, अंधार फार आहे. पुढं असंही म्हणाले की त्यांची नोकरी हिशेबाची आहे, विहिरीची नाही. त्यात चूक काही नाही. श्यामलालजी, आपण मान हलवता आहात, आभारी आहे.

मुनिमाचा हात हा मालकाचा हात नव्हे. उदारामनं काम थांबवलं. तो विहिरीच्या तोंडाशी बसला. त्याची माणसंही बसली. मुरमाच्या भावात दगड फोडला तर त्याचे बैल जातात. उठून गेला तर नाव जातं, कारण अर्ध्या विहिरीवरून उठलेल्या ठेकेदाराला या भागात पुन्हा कोणी विहीर देत नाही. इकडेही तेच, तिकडेही तेच. म्हणून तो बसून राहिला. अजून बसला आहे. आज संध्याकाळी मात्र तो तिथं नाही. तो दारात उभा आहे, आणि मी मघाशी दारातल्या लोकांना नमस्कार केला तेव्हा त्यालाही केला.

भैयाजी दुलीचंदजींकडे गेले. एकदा नव्हे. दुलीचंदजींचं म्हणणं मी जसंच्या तसं सांगतो, म्हणजे अन्याय व्हायला नको. ते म्हणाले, साऱ्या मोहल्ल्यासमोर मी दोराला लटकू काय? ठेका पाण्यापर्यंतचा होता. दगड असेल तर वर पाठवा, बघतो.

उदारामनं तुकडा फोडून टोपलीतून वर पाठवला. तो ओसरीवर ठेवला गेला. दुलीचंदजींनी पाहिला आणि विचारलं, हा याच विहिरीतला कशावरून? नाल्यात असे पुष्कळ पडले आहेत.

टोपली ओढणारी उदारामची बायको देवकाबाई तिथं उभी होती. डोक्यावरचा पदर तिनं ओढून घेतला आणि बोलली. ती फार बोलत नाही. ती म्हणाली, "गोटा वरत आणला तं तो कुठचाही होते, मालक. तुमी खाली आले तं तो इथचाच राहते."

यापेक्षा नीट मला आमच्या रिवाजाचा अर्थ सांगता आला नसता.

मग भैयाजींनी जे केलं ते त्यांच्या वयाच्या माणसानं करायला नको होतं. ते स्वतः पाटावर बसले. उदारामच्या माणसांनी दोर सोडला. मी तोंडाशी होतो. खालून घाव ऐकू आला. वर आले तेव्हा कोपर सोललं होतं. दम लागला होता. ओसरीवर जाऊन ते एवढंच म्हणाले, दगड आहे.

दुलीचंदजी म्हणाले, "भैयाजी, आप कहते हो तो होगा. पर कुआँ आपका नहीं है."

यातही चूक नव्हती. विहीर त्यांची नव्हती. रिवाज मालकाचा हात मागतो, पंचाचा नाही, आणि हे भैयाजींना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. ते घरी गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी सांगितलं की ते मुलीकडे बालाघाटला जाऊन राहणार. मुलगी केव्हापासून बोलावत होती, हे खरं आहे. तेवढंच कारण आहे का, हे मी विचारलेलं नाही. आपल्यापैकी कोणी विचारलं? आपण वर्गणी काढली, हार आणला आणि पत्रिका छापली.

इथं मला थोडं थांबू द्या.

मला दुलीचंदजींना कमी लेखायचं नाही. त्यांच्या पैशानं शाळेला दोन खोल्या मिळाल्या. मीही त्यांच्या जागी असतो तर दोराला लटकायला लाजलो असतो. माझं पोट आपण पाहताच. पण मला एक भीती वाटते. आपली भांडणं आजवर कोर्टात गेली नाहीत, ती आपण चांगले म्हणून नव्हे. माणूस छपरावर चढत होता, खाली उतरत होता, म्हणून. उद्या दुलीचंदजी उतरले नाहीत तर परवा दुसरा उतरणार नाही. मग कारागीर काम घेतानाच दुप्पट भाव सांगेल. मालक काम होताना पाठीशी उभा राहून पहारा करील. दोघांत एक वकील येईल. भैयाजींच्या जागी कोणालाही बसवा, त्यांना धरायला शिडी मिळणार नाही.

म्हणून भैयाजींना निरोपाचं काय द्यावं, याचा मी विचार केला. शाल दिली आहे. नारळ दिला आहे. मानपत्र मीच लिहिलं आहे आणि त्यात जे लिहायला हवं होतं ते लिहिलेलं नाही, कारण मानपत्र काचेत राहतं. मी अध्यक्षांकडे या सभेच्या वतीनं एक मागणी करतो. भैयाजींची गाडी दुपारी आहे. दोर अजून बांधलेला आहे. सकाळी...

अध्यक्ष काही सांगताहेत. जरा शांतता ठेवा.

ऐकलंत? मागच्यांना ऐकू आलं नसेल म्हणून मी पुन्हा सांगतो. अध्यक्षमहाराज म्हणाले, "मास्तर, भाषण पुरे करा. मी उद्या सकाळी उतरतो. झालं?"

झालं. माझं बोलणं इथं संपायला हरकत नाही. टाळ्या जरा थांबवा. उदाराम, तू आत ये. दारात काऊन उभा आहेस? बरं, राहा तिथंच.

भैयाजी, आपण डोळे पुसत आहात की घाम, हे मला इथून दिसत नाही. आपण या गावाला भाव ठरवून दिले नाहीत. भाव कुठं उभं राहून बोलायचा, ते दाखवलंत. बालाघाटची माणसं कशी आहेत मला ठाऊक नाही. तिथंही छपरं आहेत आणि विहिरी आहेत. आपल्याला तिथं विश्रांती मिळू नये, असं म्हणणं बरं दिसत नाही, तरी मनात तेच आहे.

मंडप देणाऱ्यांचे, सतरंजी अंथरणाऱ्यांचे, चहा करणाऱ्या भगिनींचे आणि इतका वेळ ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कोणाचं नको तितकं घेतलं गेलं असेल, तर लहान मुलांना शिकवता शिकवता बोथट झालेली ही जीभ समजून पोटात घाला. मी बसतो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दुलीचंदजी विहिरीत उतरले. उदाराम आधीच खाली होता. अंगण माणसांनी भरलं होतं. भैयाजीही आले होते. सब्बलीचा घाव वर सगळ्यांनी ऐकला. तो खणखणीत होता. पाट वर आला. दुलीचंदजींनी धोतर झटकलं, हात पुसले आणि मुरूम आहे असं सांगितलं.

खाली काय झालं ते वर विचारायचं नाही. कोणी विचारलं नाही.

देवकाबाईनं पाट पुन्हा खाली सोडला आणि उदारामला वर ओढून घेतलं. मग तिनं दोर सोडवून गुंडाळला आणि विहिरीवरची गडगडी उतरवली.