दोन मिलिमीटर

(वाहतूक कार्यालयातली छपाईची खोली. सकाळचे अकरा. टेबलावर बसस्टॉपवरचे दोन निळे फलक शेजारी शेजारी ठेवलेले.)

साहेब : म्हणजे तुम्ही हा फलक पाहिलेलाच नाही?

डिझायनर : असं कुठं म्हटलं मी? तुम्ही विचारलंत, हा आपल्या कार्यालयाचा आहे का. मी म्हटलं, नाही.

साहेब : रंग आपला, अक्षर आपलं, वरचं चिन्ह आपलं. चौदा नंबरच्या नऊच्या नऊ स्टॉपवर लागलाय. सकाळपासून पेपरवाल्यांचे सात फोन आले. त्यांना वाटतंय, आम्हीच कबुली दिली.

डिझायनर : मग छानच झालं की.

साहेब : थट्टा पुरे. आपल्या फलकावर एकच रकाना असतो, डेपोतून सुटण्याची वेळ. इथं शेजारी दुसरा घुसवलाय. 'गेल्या गुरुवारी प्रत्यक्ष सुटली'. आणि त्यातल्या निम्म्या चौकटी कोऱ्याच!

डिझायनर : त्या बस सुटल्याच नाहीत. त्यांची वेळ काय छापणार?

साहेब : हं. जरा इकडं या. ही लाल पट्टी बघा. आपल्या फलकावर ती उजव्या कडेपर्यंत पोचत नाही. दोन मिलिमीटर कमी पडते. पाच वर्षं तशीच छापली जातेय.

डिझायनर : सहा.

साहेब : बरं, सहा. या खोट्या फलकावर मात्र अगदी कडेपर्यंत गेलीय. या इमारतीत साडेतीनशे माणसं आहेत. ती पट्टी डोळ्यांत खुपणारं माणूस एकच. तीनदा अर्ज केलेत तुम्ही तिच्यापायी.

डिझायनर : आणि तिन्ही अर्जांवर तुमचा शेरा एकच. 'दोन मिलिमीटरनं कोणाची बस चुकत नाही.'

साहेब : पट्टी तोकडी ठेवली असती तर कोणाला पत्ता लागला नसता.

डिझायनर : ठेवून बघितली. दोनदा. हात वळेना. एवढं खरं छापायला बसले, आणि त्यात आपली जुनी चूक तेवढी सांभाळून ठेवू?

साहेब : म्हणजे कबूल?

डिझायनर : कबूल. मीच केलं. वेळा आईनं टिपल्या.

साहेब : आईला कशाला ओढलंत यात?

डिझायनर : ती आधीपासूनच आहे यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते, याच बसनं. दोन महिन्यांपूर्वी आठ-दहाची आली नाही, आठ-पन्नासची आली नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत तिचं मशीन दुसऱ्याला देऊन टाकलेलं. पाय असे सुजले, चप्पल चढेना. तिनं तक्रार केली. तुमच्या सहीचं उत्तर आलं, 'फेऱ्या वेळापत्रकानुसार नियमित आहेत.' आणि पुरावा म्हणून सोबत काय जोडलं होतं, माहितेय?

साहेब : काय?

डिझायनर : मी केलेला फलक. माझ्या हातच्या कामानं माझी आई खोटी ठरली, साहेब. मला इतका राग आयुष्यात आला नव्हता.

साहेब : बसा. हे बघा, मी काही तुमचा वैरी नाही. 'माझ्या कॉम्प्युटरमधून फाइल चोरीला गेली', एवढं लिहून द्या. वरचं मी बघतो. आईचे उपचार कार्यालयाच्या सवलतीत चाललेत, हे विसरू नका.

डिझायनर : विसरेन कशी? फलक लावण्याआधी तिलाच विचारलं. म्हणाली, 'सवलत दवाखान्यात मिळते गं. मी तिथं पोचायला नको का?'

फिटर : साहेब, येऊ का आत?

साहेब : या. काढलेत बाकीचे आठ?

फिटर : एकही नाही.

साहेब : का? पाना विसरलात?

फिटर : पाना हा काय, खिशातच आहे. पण शिडी लावली की लोक गोळा होतात. 'मामा, दोन फलक आहेत, कुठला काढताय?' मी म्हटलं, नवा. तर म्हणतात, 'का? त्यात चूक काय ते दाखवा.' आता मी काय दाखवू, कपाळ? आणि डेपोच्या फाटकासमोर तर एक म्हातारी थेट शिडीखालीच बसली. घड्याळ बघून वहीत माझी वेळ टिपली. 'दहा वाजून चार. फलक काढणारा मात्र वेळेवर आला,' म्हणाली.

डिझायनर : मामा, ती आईच माझी.

फिटर : अगं बाई! तरीच म्हटलं, तोंड कसं सारखं दिसतंय. चेहरा म्हणतोय हं मी.

साहेब : मग तेवढी सोडून बाकीच्या ठिकाणी काढायचे ना!

फिटर : आणखी एक भानगड आहे. त्या कोऱ्या चौकटी आता कोऱ्या नाहीत. लोकांनी पेननं भरल्यात. एकानं लिहिलंय, 'मुलाखत हुकली'. कुणा शाळकरी पोरीनं, 'गणिताचा पेपर'. आणि सहा-चाळीसच्या चौकटीत नुसतंच 'बाबा'. मी पाना लावला होता त्या फलकाला. मग काढून घेतला.

साहेब : तरी ते काढावे लागतीलच.

फिटर : तुम्ही स्वतः चला, साहेब. शिडी मी धरतो.

साहेब : आणि काढून उपयोग तरी काय? उद्या परत लावाल तुम्ही.

डिझायनर : मला लावावं लागणारच नाही. बारा नंबर आणि सत्तावीस नंबरच्या लोकांनी सकाळीच फाइल मागून नेली. रकाना कोरा आहे, वेळा त्यांच्या ते भरतील.

साहेब : मग मला निलंबनाचं पत्र काढावंच लागेल.

डिझायनर : काढा. 'अनधिकृत फलक' लिहा, माझी हरकत नाही. 'खोटा' लिहिलंत तर मात्र सही करणार नाही.

साहेब : ओळखपत्र ठेवा इथं.

डिझायनर : हे घ्या.

फिटर : आता घरी कशी जाणार, पोरी?

डिझायनर : बसनं.

साहेब : चौदा नंबर आहे, अकरा-वीसची.

डिझायनर : कुठल्या फलकावर, साहेब?