चढावरचा एसी

चोर कशाला शोधताय दादा, तो रिले मीच काढलाय — हा घ्या, पर्समध्येच होता. बघताय काय असं? बसवा. आला ना गार वारा? एसीच्या जाळीत लावलेला तो थर्मामीटर उतरला ना? मग झालं, गाडीला काही झालेलं नाहीये. आजवर तुम्हाला कधी काही सापडलं नाही, कारण इथे गॅरेजला यायच्या आधी मी हळूच परत बसवायचे — आज हे माझ्या आधी जाऊन गाडीत बसले, जमलंच नाही. राहू दे, इंजिन बंद करू नका, आवाजात बोलणं बाहेर जात नाही. हे पलीकडे झेरॉक्सच्या रांगेत आहेत, उद्याचे दवाखान्याचे कागद. मला शिकवलं कुणी? तुम्हीच की. दीड वर्षापूर्वी फ्यूजच्या डबीचं झाकण उघडून ह्यांना समजावत होतात, हा काळा ठोकळा निघाला की एसी मेला — हे मान डोलवत होते आणि मी मागे उभी राहून नीट बघत होते.

का म्हणजे? मावशीसाठी. आई गेल्यावर मावशीनं वाढवलं मला, माझ्यापायी लग्नसुद्धा केलं नाही तिनं. हृदय अगदी थकलेलं, डॉक्टरांनी बजावलेलं, मोठ्या दवाखान्यात आणा पण गारव्यात आणा. आणि ह्यांची सवय तुम्हाला माहितीये — चढ लागला की एसी बंद, इंजिनावर ताण येतो म्हणे. मावशीला न्यायचं त्या दिवशी मी निघतानाच हात जोडून सांगितलं होतं, आज नका करू. आणि चढ अर्धा झाला, तर वारा गरम. मी म्हटलं, अहो, लावा ना. तर म्हणे, मी बंद नाही केला, आपोआप गेला. बटण दाबून दाबून दाखवत होते — नाटकं नुसती. मावशीचं डोकं माझ्या मांडीवर. म्हणाली, ‘काच खाली कर गं, जीव घाबरतोय.’ काच खाली केली तर भट्टीसारखी झळ आत आली. वरच्या वळणाशी गेली ती. दवाखाना पाऊण तासावर होता.

आठ दिवसांनी हे स्वतःच गाडी इथे घेऊन आले, मीही आले मुद्दाम, तुमच्या तोंडून ऐकायला. तुम्ही लावलात, दोन मिनिटांत बर्फ. ठणठणीत आहे म्हणालात. म्हणजे ह्यांनीच बंद केलेला. बस, मला तेवढंच हवं होतं. त्या दिवसापासून लांब कुठे जायचं असलं की पहाटे मी बॉनेट उघडून रिले काढते. ह्यांच्या ऑफिसातल्या साहेबांना न्यायचं होतं तेव्हा — साहेब टाय सोडून रुमालानं मान पुसतायत, हे माफी मागतायत, आणि मी घरी घड्याळ बघत बसलेय, आता चढ लागला असेल, आता शर्ट पाठीला चिकटला असेल. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? भाजी निवडताना हसायचे एकटी. आणि वर तुम्ही ह्यांना म्हणायचात, काही बिघाड नाही, तुम्हाला भास होतात. भास! रात्रीच्या जेवणाइतकं गोड लागायचं मला ते.

आता उद्या ह्यांच्या आईला न्यायचंय. त्याच रस्त्यानं, त्याच दवाखान्यात, मागच्या सीटवर. म्हणून म्हणतेय, रिले काढून मला द्या आणि पार्ट मिळाला नाही म्हणून सांगा. नाही हो, मरायला नकोत त्या, चांगल्या आहेत, मला कधी वाकडा शब्द बोलल्या नाहीत — फक्त घामाघूम व्हाव्यात, त्यांनी दोनदा म्हणावं जीव घाबरतोय, आणि ह्यांनी बटण दाबत राहावं, दाबत राहावं, आणि मी शेजारी बसून म्हणावं, तुम्हीच बंद केलात.

काय झालं? काटा वर का चाललाय? मी हात नाही लावला, तुमच्यासमोर उभी आहे. रिले आहे ना जागेवर? मग? — हो, गरमच येतोय. — कसला क्लच? म्हणजे कॉम्प्रेसरची ती चकती झिजलीय, तापली की पकडतच नाही, आणि निवली की पुन्हा — पुन्हा ठणठणीत. आपोआप जातो. आपोआप. झीज किती दिवसांची? नीट बघा. — दोन वर्षं तरी.

मग तेव्हा का नाही दिसलं तुम्हाला? इंजिन तापवून बघितलं होतंत? चढावर नेली होतीत? गार गाडी, दोन मिनिटं, आणि ठणठणीत म्हणून मोकळे. मी तुमच्या त्या एका शब्दावर दीड वर्ष त्या माणसाला...

बदला. आजच्या आज, कुठूनही आणा, उद्या आईंना न्यायचंय. आणि कधीपासूनचं आहे ते ह्यांना सांगायचं नाही. नवीनच बिघाड म्हणा. दीड वर्ष शपथा घेतोय तो माणूस, घेऊ दे अजून. त्यांचं खरं होतं म्हटलं की मला पाया पडावं लागेल त्यांच्या — आणि मावशीचं मग कुणावर काढू मी? तुमच्यावर काढू?

आले ते. पाना उचला. माझ्याकडे बघू नका.