देवीच्या तळीतलं अडवलेलं पाणी

मंडळी, आधी एक अडचणीचा प्रश्न. देवाला वाहिलेलं परत काढून घेतलं, तर ते पाप की पुण्य? — पाप म्हणता? खांबापाशी बसलेले काकासुद्धा मान डोलावतायत! बरं. मग ऐका, आणि शेवटी मलाही सांगा; कारण मी अजून गोंधळातच आहे.

खाडीकाठचं एक गाव. वर देवीचं देऊळ, खाली तिवरांचं हिरवं रान, आणि मधून बडबडत जाणारा वहाळ, गोड्या पाण्याचा ओढा. आमच्या बाया जात्यावर म्हणायच्या —

डोंगराची लेक गोड, दर्याराजा नवरा खारा;
दोघांच्या गं संसारात मासोळीला मिळे थारा!

त्या संसारातलंच पाणी जत्रेच्या सकाळी देवीच्या पहिल्या आंघोळीला लागे. गोड पाणी खाऱ्याला जिथं भेटतं, तिथून घागर आणायचा मान मासेमार गाबितांच्या येसूबायचा, सासूकडून आलेला. एरवी ती त्याच चिखलात शिंपल्या वेचून पोट भरायची.

पण भक्ती उचंबळली हो! देवळापुढच्या देवीच्या तळीत बारा महिने पाणी हवं, म्हणून गावानं वहाळाला दगडी बांध घातला. तळी तुडुंब! कमळं काय, आरत्या काय!

जत्रा आली. येसूबायनं घागर आणली, आंघोळ झाली, तातू गुरवानं तीर्थ वाटलं — आणि थू! थू! सगळा गाव तोंड वाकडं करून उभा! तीर्थ कसलं, निव्वळ मीठ!

"देवी रागावली!" मग काय केलं गावानं? बांध आणखी दोन हात वाढवला! — हसू नका. आपण वेगळं काय करतो?

पुढच्या वर्षी तीर्थ त्याहून खारट. तिवरं पिवळी पडलेली, बगळे निघून गेलेले. लोक येसूबायवर उठले, "काढा तिचा मान!"

ती म्हणाली, "गुरवानू, घागर तीच, जागा तीच. गोडा पाणी खंय गेला, ता माका इचारतास?"

मग कौल लावला. देवीच्या पाषाणाला दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. तातू म्हणाला, "आई, येसूचा मान काढू?" दोन्ही कळ्या एकदम पडल्या! "बरं, बांध फोडू?" पुन्हा दोन्ही! आता काय समजायचं? तातू डोकं धरून बसला.

येसूबाय हळूच म्हणाली, "तीर्थ तुमी थुकलास. माझ्या शिंपल्यांनी खंय थुकूचा?"

तातू उठला, थेट बांधावर गेला. "आई, पाप असलं तर माझ्या माथी," म्हणाला — आणि पहिला दगड काढला. मागून दुसऱ्यानं दुसरा.

तळी अर्धी उतरली, कमळं कलंडली. कुणी रडलं, कुणी तातूला शिव्या दिल्या. तिसऱ्या जत्रेला तिवरांना कोंब फुटले होते. घागर येसूबायच्याच डोक्यावर होती. तीर्थ घेऊन अर्धे म्हणाले, "गोड!" अर्धे म्हणाले, "खारट!" भांडण अजून चालू आहे.

मंडळी, आपल्या भक्तीच्याही खालच्या अंगाला कुणीतरी राहतं. त्याच्यापर्यंत काय पोचतं, हे कधी वाकून बघितलंय?

काका, डोलवा आता मान! पाप की पुण्य? — नाही सांगता येत? हरकत नाही. तातू गुरवालाही येत नव्हतं. तरी तो उठला.